टेस्ला ‘मॉडेल वाय’च्या दाराचे हँडल : एक परीक्षण

नव्या मोटारीच्या परीक्षणात दाराच्या हँडलच्या वाट्याला फार तर एक ओळ येते, आणि तीही बहुधा ‘दिसायला आकर्षक’ एवढीच असते. चाकण परिसरात मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे दारांचे लॅच (म्हणजे दार बंद धरून ठेवणारी खटक्याची यंत्रणा), बिजागऱ्या आणि हँडले तपासण्याचे काम केले. त्यामुळे कोणतीही गाडी समोर आली की माझा हात आधी दाराकडे जातो आणि इंजिनाची किंवा बॅटरीची चौकशी मागाहून होते. पुढील मजकूर टेस्लाच्या ‘मॉडेल वाय’ या गाडीच्या फक्त हँडलविषयी आहे. गाडी किती वेगाने पळते, एका चार्जिंगमध्ये किती जाते, पडदा किती मोठा आहे, हे इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात १५ जुलै २०२५ रोजी टेस्लाचे भारतातील पहिले दालन सुरू झाले आणि साधारण साठ लाखांपासून पुढे किमतीची ही गाडी आपल्याकडे हात लावून पाहता येऊ लागली. तिचे हँडल पत्र्याच्या पातळीत पूर्ण बसलेले आहे. एक टोक रुंद, दुसरे निमुळते. रुंद भागावर अंगठा दाबला की निमुळता भाग तरफेसारखा बाहेर येतो, तो बोटांत धरायचा आणि दार ओढायचे. हँडल बाहेर यायला विजेची मोटार लागत नाही. अंगठ्याचा जोर आणि आत बसवलेली स्प्रिंग एवढ्यावर ते चालते. टेस्लाच्या २०१२ सालच्या ‘मॉडेल एस’मध्ये मालक जवळ आला की हँडल मोटारीने आपोआप बाहेर येई. त्या मानाने ‘मॉडेल वाय’ची रचना साधी आहे, तीत बिघडण्याजोगे भाग कमी आहेत आणि म्हणून ती मला अधिक आवडते. पत्रा आणि हँडल यांच्यामधली फट चारही दारांवर सारखी ठेवणे हे पत्राकामातले अवघड काम असते. मी पाहिलेल्या गाडीत ते नेटके जमले होते. पहिल्यांदा हात लावणाऱ्याला अंगठा कुठे दाबायचा हे सांगावे लागते, दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. दालनातल्या उजेडात, शांतपणे उभे राहून उघडायचे दार म्हणून या हँडलला नावे ठेवायला जागा नाही.

आणखी एक गोष्ट या हँडलच्या बाजूने सांगायला हवी, कारण ती ग्राहकाला दिसत नाही. पारंपरिक ओढायच्या हँडलला स्वतःचे वजन असते. गाडीला बाजूने जोराची धडक बसली की दार आत ढकलले जाते, हँडल मात्र जडत्वामुळे क्षणभर मागे राहते, म्हणजे दाराच्या मानाने बाहेर ओढले जाते, आणि धडकेच्या ऐन क्षणी दार उघडण्याचा धोका उभा राहतो. तो टाळण्यासाठी हँडलच्या आतल्या बाजूला उलट दिशेने फिरणारे प्रतिवजन बसवतात, आणि लॅचची यंत्रणा गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट त्वरणालाही उघडणार नाही हे सिद्ध करावे लागते. या प्रतिवजनाचे चार-पाच ग्रॅम कमी करायचे की वाढवायचे यावर आमच्या विभागात आठवडेच्या आठवडे वाद चालत. हँडल आणि लॅच यांच्यात यांत्रिक दुवाच नसेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. तेव्हा विजेवर चालणारे लॅच ही निव्वळ हौस आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु तो दुवा नसणे हाच माझ्या तक्रारीचाही विषय आहे. जुन्या पद्धतीच्या दारात हँडल ओढले की आतली तरफ फिरते, तरफ सळईला किंवा केबलला ओढते, केबल लॅचचा खटका सोडवते आणि चौकटीवरच्या स्ट्रायकरला, म्हणजे पक्क्या कडीला, धरून बसलेला आकडा मोकळा होतो. हाताचा जोर अखंड साखळीने आकड्यापर्यंत पोहोचतो. ‘मॉडेल वाय’चे बाहेरचे हँडल ओढल्यावर हाताचा जोर एका विजेच्या स्विचपाशी संपतो. स्विच संदेश देतो, नियंत्रक तो तपासतो, चौकट नसलेली काच किंचित खाली सरकते आणि लॅचमधली छोटी मोटार खटका सोडवते. हे सारे एका सेकंदाच्या आत होते आणि रोज हजार वेळा बिनबोभाट होत असेल. पण त्यासाठी कमी दाबाचा वीजपुरवठा शाबूत असावा लागतो. चाके फिरवणारी मोठी बॅटरी भरलेली असली, तरी दिवे, कुलपे आणि काचा यांना वीज देणारी छोटी बॅटरी बसली की हँडल हाताने बाहेर निघते आणि दार मात्र बंदच राहते.

हँडल पत्र्यात लपलेले असणे आणि लॅच विजेवर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चर्चेत त्यांची सतत गल्लत होते. लपलेल्या हँडलला केबल जोडता येते. उलट, ठळक बाहेर आलेल्या हँडलच्या मागेही नुसता स्विच असू शकतो. पहिल्या दोषामुळे हाताला पकड सापडत नाही, तर दुसऱ्यामुळे पकड सापडूनही उपयोग होत नाही. ‘मॉडेल वाय’मध्ये दोन्ही थोडेथोडे आहे, पण माझ्या मते दुसरा दोष कितीतरी गंभीर आहे.

छोटी बॅटरी बसणे ही कल्पनेतली अडचण नाही. आमच्या पुतण्याकडे वेगळ्याच कंपनीची, पण अशीच पत्र्यात बसलेली हँडले असलेली विजेची गाडी आहे. गेल्या पावसाळ्यात कोथरूडच्या इमारतीतल्या तळघरात ती दहा-बारा दिवस उभी राहिली आणि छोटी बॅटरी बसली. वहिनींची औषधे गाडीत होती. “काका, हँडल बाहेरच येत नाहीये, तुम्हीच या,” असा त्याचा फोन आला. त्या गाडीत एका बारीक झाकणाखाली किल्लीचे छिद्र होते. ते झाकण कुठे आहे आणि कशाने उचकटायचे हे शोधण्यात आमची चाळीस मिनिटे गेली. त्यांतली बरीचशी तळघरात मोबाइलला रेंज नसल्यामुळे जिन्यावर उभे राहून व्हिडिओ पाहण्यात गेली. एकाने दारांवरच आयुष्य काढलेले आणि दुसरा गाडीचा मालक, अशा दोघांची ही गत होती. तोपर्यंत वहिनी रिक्षाने जाऊन औषधे नव्याने घेऊन आल्या होत्या.

‘मॉडेल वाय’ला बाहेरून किल्लीचे छिद्रही नाही. छोटी बॅटरी बसल्यावर बाहेरून आत जायचे असेल, तर पुढच्या बंपरमधले गाडी ओढायच्या कडीचे झाकण काढायचे, आतल्या दोन तारांना बाहेरून बारा व्होल्टचा पुरवठा जोडायचा, पुढचे बॉनेट उघडायचे आणि मग छोट्या बॅटरीला वीज द्यायची, असा मार्ग पुस्तिकेत दिलेला आहे. मेकॅनिक बोलावून, निवांत वेळी, चहा पीत करायचे काम म्हणून हे ठीक आहे. मागच्या आसनावर तान्हे मूल पट्ट्याने बांधलेले असेल आणि आईवडील बाहेर राहिले असतील, तर ठीक नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ सालच्या सुमारे १,७४,००० ‘मॉडेल वाय’ गाड्यांची प्राथमिक चौकशी सुरू केली ती नेमक्या याच कारणासाठी. बाहेरची हँडले निकामी झाल्याच्या नऊ तक्रारी समोर होत्या आणि त्यांपैकी चार प्रसंगांत आत जाण्यासाठी पालकांना काच फोडावी लागली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात २०२२ सालच्या ‘मॉडेल ३’मधील आतली आपत्कालीन तरफ सहज सापडते का, तिच्यावर खूण आहे का, या प्रश्नावर वेगळी चौकशी सुरू झाली.

टेस्ला एकटीच या फेऱ्यात आहे असे मात्र नाही. फोर्डने जून २०२५ मध्ये ‘मस्टँग माक-ई’ या विजेच्या गाडीच्या सुमारे १,९७,००० प्रती परत बोलावल्या. छोट्या बॅटरीचा दाब घसरला की दारे बाहेरून उघडेनाशी होत आणि मागच्या आसनावरचा प्रवासी आत अडकण्याची भीती होती. त्या गाडीला तर पारंपरिक अर्थाने हँडलच नाही, दाराच्या खांबावर बटण आहे. लॅचपर्यंत जाणारी केबल काढून टाकण्याची किंमत सगळीकडे सारखीच मोजावी लागते.

आता बाहेरचा हात कोणाचा, या मुद्द्याकडे येतो, कारण या हँडलचे माझे मूल्यमापन त्यावरच उभे आहे. रोजच्या वापरात हँडलला हात लावतो तो मालक. त्याला खिशातला मोबाइल, कार्ड, अंगठ्याची सवय सगळे असते. अपघातानंतर मात्र दाराला पहिला हात लागतो तो अनोळखी माणसाचा. समृद्धी महामार्गावर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो मागून येणाऱ्या ट्रकचा चालक असेल, शेजारच्या शिवारातला शेतकरी असेल, ढाब्यावरचा पोऱ्या असेल. त्याने गाडीची पुस्तिका वाचलेली नाही, बहुधा ही गाडीही प्रथमच पाहिलेली आहे, रात्र आहे, हात ओले किंवा चिखलाचे आहेत आणि आतून धूर येतो आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४अ कलमाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या सद्भावी माणसाला कायदेशीर संरक्षण दिले. पोलिसांचे झंझट मागे लागेल म्हणून मागे सरणारा माणूस त्यामुळे पुढे येऊ लागला तर ते चांगलेच आहे. पुढे आल्यावर त्याच्या हाताला दारावर काही सापडले पाहिजे, ही जबाबदारी मात्र हँडल आखणाऱ्याची आहे.

चीनमध्ये हे चित्र प्रत्यक्षात उतरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये छंगतू शहरात शाओमी कंपनीची एक विजेची गाडी अपघातानंतर पेटली. रस्त्यावरचे लोक धावून आले, त्यांनी दार उघडण्याचा आणि काच फोडण्याचा प्रयत्न केला, पण दार उघडले नाही आणि चालक वाचला नाही. चालकाने मद्यपान केल्याचा पोलिसांना संशय होता, हेही नोंदले पाहिजे. त्याच वर्षी २९ मार्चला आन्ह्वेइ प्रांतातल्या महामार्गावर याच कंपनीच्या गाडीच्या अपघातात तीन तरुणी दगावल्या, तेव्हापासून तिथे दारांविषयीची चर्चा तापलेली होती. चालकाचा दोष असेल तर अपघाताची जबाबदारी त्याच्याकडे जाते. दार न उघडण्याची जबाबदारी त्याच्याकडे सरकवता येत नाही.

चीनच्या उद्योग मंत्रालयाने त्यानंतर जे केले ते दारांच्या धंद्यातल्या प्रत्येकाने मुळातून समजून घ्यावे असे आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये त्यांनी दारांच्या हँडलांसाठी सक्तीचे राष्ट्रीय मानक जाहीर केले. ते १ जानेवारी २०२७ पासून लागू होते आणि ज्या गाड्यांना आधीच मंजुरी मिळाली आहे त्यांना १ जानेवारी २०२९ पर्यंत मुदत आहे. मागचे सामानाचे दार वगळता प्रत्येक दाराला बाहेरून आणि आतून, वीज नसतानाही चालेल अशी यांत्रिक सुटका हवी, ही त्यातली मुख्य अट. बाहेरच्या हँडलपाशी हात घालायला किमान ६० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर खोल मोकळी जागा हवी, ही दुसरी. आकडे कोरडे दिसतात, पण आपल्या हाताची चार बोटे एकत्र धरून मोजून पाहा, म्हणजे ते कुठून आले याचा अंदाज येतो. साधारण प्रौढ माणसाची तीन-चार बोटे पहिल्या पेराच्या पुढपर्यंत आत जावीत आणि वळून पकड घ्यावी, एवढी ही जागा आहे. लपलेल्या हँडलावर सरसकट बंदी घालण्याऐवजी ‘बोटे कुठे जातील ते दाखवा आणि केबल जोडा’ असे सांगणारा हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. ‘मॉडेल वाय’चे हँडल आजच्या रूपात त्यात बसत नाही, कारण बाहेरून ओढलेल्या हँडलमागे यांत्रिक सुटका नाही. युरोपातल्या धडक चाचण्यांच्या २०२६ च्या नियमावलीतही अपघातानंतर विजेची हँडले चालू राहतात का याला महत्त्व आले आहे.

आपल्याकडे समोरच्या धडकेच्या चाचणीसाठी जे मानक आहे, त्यात चाचणीनंतर आसनांच्या प्रत्येक ओळीतले किमान एक दार अवजारांशिवाय उघडता यावे अशी अट आहे, आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या नियमावरूनच आलेली आहे. अट चांगली आहे. पण चाचणीत दार उघडणारा माणूस त्या गाडीच्या दाराची इत्थंभूत माहिती असलेला असतो, प्रयोगशाळेत उजेड असतो आणि छोट्या बॅटरीची अवस्था आधी तपासलेली असते. आमच्या विभागात एक सहकारी नव्या हँडलची अंतिम तपासणी कारखान्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याकडून करून घेत असे. त्याला काही न सांगता, डोळ्यांवर रुमाल बांधून, हातात ओला रबरी मोजा घालून दारासमोर उभे करायचे आणि घड्याळ लावायचे. औपचारिक अहवालात या तपासणीला जागा नव्हती, पण आराखड्यातल्या चुका तिच्यात जितक्या लवकर उघड्या पडत तितक्या यंत्रावर पडत नसत.

मग सुरक्षित आणि तरीही सपाट हँडल करता येते का? येते, आणि त्यासाठी फार नवे काही शोधावे लागत नाही. जुन्या मारुती ८०० च्या दारातली, खालून बोटे घालून वर उचलायची झडप आठवा. ती पत्र्याच्या पातळीतच होती, तिच्या खाली खळगा होता आणि पाच वर्षांच्या मुलालाही ती कळत होती. हवेच्या विरोधाचा मुद्दा पुढे केला जातो, पण गाडीच्या एकूण वायुरोधात हँडलचा वाटा अगदी लहान असतो. चाके, आरसे आणि गाडीचे बूड यांचे हिशेब मोठे असतात. विजेच्या लॅचची सोय हवीच असेल, तर एकाच हँडलमध्ये दोन टप्पे ठेवता येतात : थोडे ओढले तर स्विच, पुढे ओढत राहिले तर केबल. घाबरलेला माणूस नेहमी जास्त जोराने ओढतो, त्यामुळे दुसरा टप्पा त्याला शिकवावा लागत नाही. लेक्ससने २०२१ पासूनच्या ‘एनएक्स’ गाडीत आतल्या हँडलसाठी याच्या जवळ जाणारी युक्ती वापरली आहे. तिथे एरवी दाबले की विजेने उघडते आणि वीज नसेल तर तेच हँडल दोनदा ओढल्यावर यांत्रिकरीत्या उघडते. याखेरीज लॅचच्या पेटीतच छोटा सुपरकॅपॅसिटर बसवून मुख्य पुरवठा तुटल्यावरही एक-दोनदा दार उघडेल एवढी वीज साठवता येते. मी याला केबलचा पर्याय मानत नाही, जोड मानतो.

आतल्या बाजूविषयी थोडक्यात. ‘मॉडेल वाय’मध्ये आतून दार उघडण्यासाठी बटण आहे. पुढच्या दारांत काचेच्या बटणांच्या पुढे, वर ओढायची यांत्रिक तरफ आहे. ती सापडायला सोपी आहे, इतकी की नवखा प्रवासी बटण सोडून तिलाच हात घालतो. मागच्या दारांत, ज्या गाड्यांना ती सोय दिली आहे त्यांत, दाराच्या खणातली चटई उचलायची, तिच्याखालचे झाकण काढायचे आणि आतली केबल पुढे ओढायची असा प्रकार आहे. काही गाड्यांत मागे ही सोयच नाही, असे कंपनीची पुस्तिकाच सांगते. मागे बसणारे बहुतेक वेळा म्हातारे किंवा मुले असतात, हे लक्षात घेता सोयीची वाटणी नेमकी उलटी झाली आहे. टेस्लाचे मुख्य अभिकल्पक फ्रान्झ फॉन होल्झहाउझन यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये, विजेची आणि यांत्रिक सुटका एकाच ठिकाणी आणण्यावर काम चालू असल्याचे सांगितले. ते झाले तर आतली बाजू सुधारेल.

हँडलच्या कारागिरीला मी पाचपैकी चार गुण देईन, रोजच्या सोयीला साडेतीन आणि वीज नसताना बाहेरून उघडण्याला शून्य. हा शून्य इतर दोन आकड्यांशी मिळवून सरासरी काढायची माझी तयारी नाही. दालनात जाणाऱ्यांना एवढे सांगेन की, गाडी कोणत्याही कंपनीची असो, आणि सपाट हँडले आता २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७००पासून २०२४ च्या टाटा कर्व्हपर्यंत अनेक देशी गाड्यांतही आहेत, विक्रेत्याला ‘छोटी बॅटरी बसली तर हे दार बाहेरून कसे उघडते ते उघडून दाखवा’ असे सांगावे. तोंडी उत्तर घेऊ नये.

पुतण्याच्या गाडीत मागच्या दारांची आतली यांत्रिक सुटका खणाच्या तळाशी, काळ्या प्लास्टिकवर काळ्याच रंगाची आहे. परवा कर्वे रस्त्यावरच्या रेडियमच्या दुकानातून लाल पट्टी आणली, तिचे दोन बाण कापले आणि दोन्ही दारांत सुटकेच्या बरोबर वर चिकटवले. वहिनींना डोळे मिटून तीनदा उघडायला लावले, तिसऱ्या वेळी जमले. बाहेरच्या बाजूला चिकटवण्यासारखे मात्र दुकानात काही मिळाले नाही.